काचबिंदूचे थेंब आणि सुमनचे उपास

आता मलाही काचबिंदू आहे. थेंब टाकून डोळा मिटला आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरला, की औषधाचा कडवटपणा घशात उतरत नाही. तेव्हा हमखास बंगालमधल्या आमच्या डमडमच्या घरातली एक सकाळ आठवते.

माझी बायको सुमन ओले केस पाठीवर सोडून खिडकीत बसली होती. केसांना शिकेकाईचा वास येत होता. मी तिच्या थेंबांची बाटली उघडली, तर तिने तोंड फिरवलं.

"अहो, आज निर्जळी उपास आहे. ते कडू घशात उतरतं, उपास मोडतो."

"देव काय घसा तपासायला येणार आहे?"

"तुम्हाला थट्टाच सुचते!"

दोघंही हसलो. मी बाटली ठेवून ऑफिसला गेलो. तिचे असे उपास पुष्कळ असत.

उपासांपायी आईने डावा डोळा घालवला, असं मुलं म्हणतात. ते खरं नाही. कोपरा दाबायचं तिच्या डॉक्टरांनी तेव्हाच मला बंगालीत समजावलं होतं. तिला बंगाली येत नव्हती, आणि मी घाईत "रोज एक थेंब" एवढंच सांगितलं. कोपरा दाबायचं तिला कळलं असतं, तर उपासाच्या दिवशीही तिने थेंब घेतला असता.

काल तिला हे सांगितलं.

"इतकी वर्षं मुलांची बोलणी मी खाल्ली," ती म्हणाली. "आता त्यांना तुम्हीच सांगा."

आणि उजव्या डोळ्यात थेंब टाकण्यासाठी तिने चेहरा माझ्याकडे वर केला.