दादा कुत्रा पुसायचा तेव्हा

निरोप आला तेव्हा माझे हात साबणाने भरलेले होते. रविवारची सकाळ, बोरिवलीतल्या आमच्या घराची मोरी आणि मोरीत अंग चोरून उभा राहिलेला आमचा कुत्रा बंड्या. तळमजल्यावरच्या शेजारीणबाई धापा टाकत वर आल्या. "कांदिवलीहून फोन आहे, लवकर चला." तसाच खाली धावलो. फोनवर वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे उठतच नाहीत हो..." सकाळी दूध घेऊन आला, खुर्चीत बसला आणि बसल्या जागीच गेला. माझा थोरला भाऊ, आमचा दादा. दीड महिना झाला त्याला.

दादा परळच्या गिरणीत घडी खात्यात होता, तयार कापड तपासून घड्या घालायचा. गावाहून मला त्यानेच आणलं, शिकवलं, ऑफिसात चिकटवलं. त्याच्या हाताला कापड कळायचं. बोटांनी नाही, पालथ्या हाताने बघायचा. कापडात ओल राहिलीय का, खळ जास्त झालीय का, डोळे मिटून सांगायचा. मग संप झाला, लांबत गेला, आणि गिरणीने दादाला परत घेतलंच नाही. कित्येक महिने तो घरात नुसता बसून होता. एक दिवस म्हणाला, "वांद्र्याक एका बंगल्यावर काम गावला." कसलं काम, ते मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती, हे आज कबूल करतो.

माझं ऑफिसही वांद्र्यालाच. एकदा दुपारी जेवण झाल्यावर दोघा सहकाऱ्यांबरोबर पाय मोकळे करायला निघालो होतो. एका बंगल्याचं फाटक उघडं होतं. आत अंगणात एक उंचापुरा, आखूड केसांचा तांबूस कुत्रा नुकताच आंघोळ करून उभा होता, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून एक माणूस त्याचं पोट पुसत होता. इतकं सावकाश, इतकं मन लावून की आम्ही तिघंही क्षणभर थांबलो. "काय नशीब आहे यार कुत्र्याचं," एकजण म्हणाला, "आपल्याला बायको टॉवेलसुद्धा हातात देत नाही." आम्ही हसलो. मीही हसलो. हसण्याच्या आवाजाने त्या माणसाने वर पाहिलं... तो दादा होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटायला लागला होता, तो पुरता उमटायच्या आत मी मान फिरवली आणि म्हणालो, "चला रे, उशीर होतोय."

त्यानंतर दादा भेटला तेव्हा त्याने त्या दुपारचा विषयही काढला नाही. मीही काढला नाही. त्याच्याकडे जाणं मात्र हळूहळू कमी केलं.

पुढे माझ्या मुलीने, मनीषाने, हट्टाने बंड्याला घरी आणलं. त्याचेही केस आखूड. आंघोळीनंतर टॉवेल एकदा भरकन फिरवला की तो कोरडा दिसायचा, आणि आम्ही त्याला सोडून द्यायचो. सहा महिन्यांत बिचाऱ्याचा कान सुजला. सारखा डोकं झटकायचा, कोणाला हात लावू देत नव्हता. मनीषा रडकुंडीला आली. काका बंगल्यावर कुत्रा सांभाळतो हे तिला वहिनींकडून कळलं होतं, मला न विचारता ती त्याला निरोप देऊन मोकळी झाली.

दादा दुसऱ्याच रविवारी आला. पिशवीत धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचे तुकडे. चप्पल काढता काढताच म्हणाला, "कोण पुसता रे ह्येका?" मी म्हटलं, "मीच." दुखरा कान सांभाळून त्याने बंड्याला आंघोळ घातली आणि मला शेजारी बसवलं. "नवो टॉवेल पाणी ढकलता, जुना कापड पाणी पिता. घासू नको, दाब. सुको दिसता म्हणान सोडू नको." काखेत, शेपटीखाली, पोटाच्या घडीत, सगळीकडे तो पालथा हात लावून बघत होता, आणि कुणालाही जवळ येऊ न देणारा बंड्या डोळे मिटून उभा होता. तेव्हाच, मान वर न करता, दादा म्हणाला, "त्या दिवशी तू फाटकार इललंस ना... थांबाक होया होतंस रे. च्या गावली असती."

त्याने कापडाचा कोरडा तुकडा माझ्या हातात दिला. "घे, कान तू पूस. हलक्या हातान."

कान बरा झाला, तरी दादाचं येणं थांबलं नाही. दोन वर्षं जवळजवळ दर रविवारी तो यायचा. बंड्याला पुसून झालं की आम्ही एकत्र जेवायचो, गावाच्या गोष्टी निघायच्या. तो बंगल्यावरच्या कुत्र्याचे किस्से सांगायचा आणि मनीषा पोट धरून हसायची. प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज बोलावं. दादा, त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं, मला लाज वाटली होती, आणि ती वाटली याची आता जास्त लाज वाटते... पण त्याला ताटावर खुशीत बसलेलं बघून वाटायचं, राहू दे, पुढच्या रविवारी. आता बोलायला मी मोकळा आहे, आणि ऐकायला तो नाही.

तो गेल्यावर कितीतरी दिवस बंड्याला आंघोळ घालावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. गेल्या रविवारी मात्र मी घातली. गॅलरीत गोणपाट पसरलं, त्याला उभं केलं आणि पाठ पुसायला घेतली. बंड्याने उजवा पुढचा पंजा उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. मला वाटलं काही लागलंय. नीट बघितलं, काही नव्हतं. मी पंजा खाली ठेवला, त्याने पुन्हा उचलला. मी पाठीकडे वळलो की तो मान वळवून माझ्याकडे बघायचा, पंजा तसाच वर.

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, दादा तिथूनच सुरुवात करायचे."

दोन वर्षं मी शेजारी बसून होतो, आणि एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पाठ सोडली, बंड्याच्या समोर गुडघे टेकले आणि तो पंजा हातात घेतला. बोटांच्या मधे अजून पाणी होतं, गार. मी एकेक बोट सोडवून पुसत राहिलो, आणि सगळं कोरडं झाल्यावरही कितीतरी वेळ तो पंजा माझ्या हातातच होता.