महासत्तेच्या भेटीला

काका दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवायचे. डावी म्हणजे बँक, उजवी म्हणजे पेपर. मग दोन्हीकडून ओढून दाखवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "सुटून राहिलं का?" आपण काय बोलणार? बोटं त्यांची, ओढणारेही तेच. नाही म्हटलं की समाधानाने मान हलवायचे. "मग ह्या कडीला लटकून कोण आहे, सांग." उत्तर ठरलेलं होतं. अमेरिका.

कॅनडात, कोक्विटलामला, आमच्या टाउनहाउसच्या रांगेत काका अगदी शेजारी, भिंतीला भिंत लागून. मुलाकडे राहायचे, ते आणि काकू. नागपूरला एका सरकारी बँकेत आयुष्यभर नोकरी केली आणि त्याच बँकेच्या फाटकासमोर आयुष्यभर घोषणा दिल्या. संध्याकाळी घरी येऊन पेपरांना पत्रं लिहायची. पत्रं छापून यायची, पण शेवटच्या ओळी कापून. "त्याच ओळींत अमेरिका होती ना," असं ते इतक्या वर्षांनीही कळवळून सांगायचे. तुमच्याही ओळखीत असे एखादे काका असतील. त्यांच्याकडे बसलं की चहा येईपर्यंत दोन-तीन सरकारं पडलेली असतात.

माझी परिस्थिती नाजूक होती. मी डाउनटाउनमधल्या एका मोठ्या बँकेच्या आयटीत आहे. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'मागे जा' असं जे बटण आहे, त्याची देखभाल माझ्याकडे आहे. शिवाय मी एक उदारमतवादी अमेरिकन पेपर पैसे भरून फोनवर वाचतो आणि वाचून झाला की दुपारपर्यंत आपण चांगले माणूस आहोत असं वाटत राहतं. म्हणजे काकांच्या त्या कडीची दोन्ही टोकं माझ्याच घरात सापडली. त्यांनी माझं नावच ठेवलं, 'साम्राज्य'. "काय साम्राज्य, कुठे निघाले?" असं ते घराबाहेरच्या पॅटिओवरून विचारायचे आणि साम्राज्य ओल्या कचऱ्याची हिरवी पेटी ढकलत रस्त्याकडे जायचं.

एकदा मी पेपरची बाजू घ्यायला गेलो. म्हटलं, काका, आमचा पेपर तर त्यांच्या राष्ट्राध्यक्षांवर रोज टीका करतो.

"ड्रायव्हरला शिव्या देते तो," काका म्हणाले. "गाडी कुठे चालली, हे विचारते का कधी?"

मग त्यांनी मला सविस्तर घेतलं. म्हणाले, युद्धखोर पेपर मला चालतात, ते उघड सांगतात की टाका बॉम्ब. तुझा पेपर आधी रडतो, मग म्हणतो टाकावाच लागेल, आणि पडल्यावर लिहितो की जरा नियोजनाने टाकायला हवा होता. बॉम्ब पडायच्या आधी त्या देशाचे पैसे कुलपात कोण घालते? बँक. पडल्यावर त्याच देशाला पुन्हा उभं राहायला कर्ज कोण देते? बँक. आणि त्या कर्जाला 'मदतीचा हात' कोण म्हणते? इथे ते थांबले आणि माझ्या फोनकडे बघायला लागले. मी फोन उलटा करून ठेवला. नेमकी तशीच एक बातमी उघडी होती.

खोटं कशाला बोलू, त्यांचं बरंचसं मला पटायचं. अडचण अशी की पटल्यानंतर मला सोमवारी ऑफिसला जायचं असे. घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं तर ती म्हणायची, राजीनामा देणार आहेस का? नाही ना? मग भाजी चिर.

काकांचा अमेरिकन मालावर बहिष्कार फार जुना. ग्रोसरीत ते संत्र्यांवरचे स्टिकर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे. नागपूरच्या माणसाने संत्र्याजवळ असं संशयाने उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती ती. आणि मग अलीकडे, ते अमेरिकेशी आयात कराचं भांडण सुरू झाल्यावर, सगळा कॅनडा एका आठवड्यात काकांच्या बाजूला आला. दुकानात देशी मालाखाली लाल मेपलची पानं लागली. लोक एकमेकांच्या कार्टमध्ये डोकावून बघायला लागले. मला वाटलं काका पेढे वाटतील. त्यांचा चेहरा मात्र पडलेला. इथल्या मोठ्या पेपरने पहिल्या पानावर स्वदेशीची हाक दिली होती आणि माझ्या बँकेने दारात झेंडा लावला होता.

"हे दोघं एकाच दिवशी देशभक्त झाले," काका म्हणाले. "काहीतरी गडबड आहे."

त्या संशयापोटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॅलिफोर्नियाची संत्री विकत घेतली. कॅशवरची बाई दुखावल्यासारखी बघत होती. घरी येऊन एक सोललं, दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाले, "प्रचार नुसता. आत रसच नाही." पण उरलेलीही खाल्ली, कारण अन्न टाकणं त्यांच्या कोणत्याही विचारसरणीत बसत नव्हतं.

खरी गोची वेगळीच होती. काकांची धाकटी लेक सिएटलजवळ राहायची आणि एका मोठ्या अमेरिकन बँकेत होती. एवढ्यावर भागलं असतं, पण जावई एका उदारमतवादी पेपरात होता. बँक आणि पेपर नागपूरला काकांच्याच डोळ्यांदेखत बोहल्यावर चढले होते आणि अक्षता काकांनीच टाकल्या होत्या. त्यावर काही बोललं की ते म्हणायचे, "मुलगा चांगला आहे. खेळाचं पान पाहते तो."

अमेरिकेत पाऊल ठेवणार नाही, हा काकांचा नेम कॉलेजपासूनचा. लेक तिकडे गेली तेव्हाही तो मोडला नाही. तीच दर सुट्टीत गाडी काढून इकडे यायची, त्यामुळे नेमाला कुणी हात लावला नाही. मग ती बाळंत झाली. काकू डिंकाचे लाडू घेऊन तिकडे गेल्या आणि काका इथे, पॅटिओवर. त्यातच लेकीच्या आणि जावयाच्या व्हिसाची मुदत वाढवायची निघाली. वकिलाने सांगितलं, काम होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका. म्हणजे ती येऊ शकत नव्हती आणि हे जाणार नव्हते. नात फोनवर दिसायची. जन्माने ती अमेरिकन, म्हणून काका तिला 'महासत्ता' म्हणायचे. "महासत्ता झोपली का? महासत्तेचं पोट साफ झालं का?" भिंतीपलीकडून हे ऐकू यायचं आणि पाठोपाठ लेकीचा आवाज यायचा, दर वेळी थोडा आखडता होत गेलेला. काकू परत आल्यावर तर ती फोन त्यांच्याकडेच द्यायला सांगायची.

आता ती भिंत शांत असते. काका गेले. त्यांचा मुलगा काकूंना घेऊन दुसरीकडे राहायला गेला. शेजारी एक कोरियन जोडपं आलंय, इतकं हळू बोलणारं की मी कधीकधी भिंतीला कान लावतो आणि मग बायको मला बघते. पण काका म्हटलं की मला पॅटिओ आठवत नाही. ती सरहद्दीवरची बाग आठवते.

जवळच्या सरे शहराच्या पार दक्षिण टोकाला एक पांढरी कमान आहे, अर्धी कॅनडात, अर्धी अमेरिकेत. तिच्या भोवती हिरवळ. दोन्हीकडची माणसं तिथे पासपोर्टवर शिक्का न मारता भेटू शकायची, निदान तेव्हा तरी. फक्त आलात त्याच बाजूने परत जायचं. ही जागा काकूंनी शोधून काढली. बाळाला तिसरा महिना लागला होता. मुलगा ऑफिसच्या कामाला मॉन्ट्रियलला गेलेला, म्हणून ड्रायव्हर मी. वाटेत काका एकदाही अमेरिकेबद्दल बोलले नाहीत, यावरून मी काय ते ओळखलं.

हिरवळीत एक बुटका दगड होता. त्या दगडापासून कमानीपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची, ती सरहद्द. लेक, जावई आणि दुपट्यात गुंडाळलेली महासत्ता पलीकडे चादर टाकून बसली होती. काकू डबा घेऊन सरळ चालत गेल्या. रेघ त्यांना दिसलीच नसावी. काका दगडापाशी थांबले. मीही थांबलो, कारण छत्री माझ्याकडे होती.

"तू ये ना इकडे, दोन पावलं," काका म्हणाले.

लेक म्हणाली, तिने वकिलाला मुद्दाम बागेचंही विचारलं होतं. गवतालाही देश असतो म्हणाला तो.

तेवढ्यात माझा आणि काकांचा, दोघांचेही फोन वाजले. मोबाइल कंपनीचा निरोप होता, अमेरिकेत आपलं स्वागत आहे, इथले दर पुढीलप्रमाणे. काकांनी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, पाहून राहिले ना? माणूस गेलाच नाही, तरी स्वागत. एरवी यावर अर्धा तास गेला असता. कुणी हसलं नाही. जावई बिचारा भला. तो म्हणाला, मी रेघेपर्यंत येतो आणि बाळाला तुमच्या हातात देतो.

"माझी मुलगी पार्सल नाहीये," लेक म्हणाली. मग काकांकडे न बघता, दुपट्याची घडी नीट करत म्हणाली, "बाबा, मी दवाखान्यात होते तेव्हा पण तुम्ही आला नाहीत. जमत नसेल तर राहू द्या. मी आईला भेटले, पुरे."

मी छत्रीची मूठ बघायला लागलो. अशा वेळी दुसऱ्याच्या कुटुंबाजवळ उभं राहणं फार अवघड, आणि निघून जावं तर मागे सगळा कॅनडा मोकळा असूनही पाय निघत नव्हता. काका दगडाकडे बघत होते. त्यांच्या तोंडात काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की त्यांनी बँकेबद्दल बोलावं.

मग महासत्तेला उचकी लागली. एवढासा देह, प्रत्येक उचकीला सबंध उडत होता. जावयाने एका बाजूने धरलं, लेकीने दुसऱ्या बाजूने. पाठ थोपटून झाली, पाणी द्यायचं की नाही यावर दोघांचा थोडा वाद झाला. उचकी थांबेना.

"कोणीतरी आठवण काढून राहिलं तिची," काकू सहज म्हणाल्या.

काका खाली बसले. गवतावरच. मला वाटलं चक्कर आली. पण त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही बूट दगडाजवळ शेजारी शेजारी नीट लावले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"बाबा, काय करताय? गवत ओलं आहे," लेक म्हणाली.

"लेकीच्या घरात बूट घालून जातात का?" काका म्हणाले.

लेक चादरीवर जराशी सरकली आणि जागा केली.

"साम्राज्य, बुटांवर लक्ष ठेव," असं मला सांगून काका करड्या मोज्यांवर चालत रेघेपलीकडे गेले. कुठेही काही झालं नाही. बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं गेलं. त्यांनी तिला काहीतरी समजावायला सुरुवात केली, फार गंभीर चेहऱ्याने. मला ऐकू येत नव्हतं. लेक मात्र ऐकत होती आणि ओढणीने डोळे पुसता पुसता हसत होती.

थोड्या वेळाने पाऊस आला, इकडचा नेहमीचा, बारीक आणि न थांबणारा. जावयाने गाडीतून मोठी छत्री आणली आणि ते सगळे तिच्याखाली एकमेकांना चिकटून बसले. बागेची देखभाल करणारा एक माणूस पिवळं जॅकेट घालून माझ्या बाजूने चालला होता. तो थांबला. बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सर्व काही ठीक आहे ना, असं नम्रपणे विचारलं. मी हो म्हणालो. तो अजून एकदा बघून पुढे गेला.

त्याचं बरोबरच होतं. मी स्वतः भिजत उभा होतो आणि माझी छत्री त्या रिकाम्या बुटांवर धरलेली होती.