रेसरचे दांडे आणि पाच कुलपं

कुलूपवाल्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी माझ्याच घराचा चोर होतो. किल्ली आत राहिली होती, दार ओढलं गेलं होतं. पेटी उघडण्याआधी त्याने माझी उलटतपासणी घेतली. विजेचं बिल मागितलं. ते आत आहे म्हटल्यावर म्हणाला, "सगळे हेच सांगतात." मग विचारलं, "न्हाणीघरातली बादली कुठल्या रंगाची?" मी निळी म्हणालो. दार उघडल्यावर तो आधी स्वतः आत गेला, बादली पाहून आला. "हिरवट आहे. पण असो."

तेव्हापासून आमचं जमलं. म्हणजे मी त्याच्या दुकानात गप्पा मारत बसतो आणि तो माझ्या खिशांवर नजर ठेवतो.

त्याचं घर चढावर आणि दुकान त्याच उताराच्या तळाशी. जाड टायरांच्या डोंगरी सायकलवरून तो रोज खाली यायचा. मागे एकदा घसरून पडला, तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं होतं, "अहो, पुन्हा पडलात तर ही सायकल घरात राहणार नाही." आणि जगात त्याचा विश्वास काय तो त्या सायकलवर.

सायकल दुरुस्तीचं दुकान होतं धाकट्या मेहुण्याचं. बायकोचा सख्खा भाऊ, म्हणजे संशयाला भरपूर वाव. सायकल त्याच्याकडे टाकण्याआधी कुलूपवाला प्रत्येक भागावर कानशीने बारीक खूण करायचा आणि परत आली की भिंगातून तपासायचा. या खेपेला सगळ्या खुणा जागच्या जागी सापडल्या. तिथेच माशी शिंकली.

"एकही खूण हलली नाही," तो मला हळूच म्हणाला. "माणूस किती तयारीचा बघा. ब्रेकचे दांडे नकली बसवले आणि माझ्या खुणासुद्धा हुबेहूब उतरवल्या."

माळ्यावर त्याची तरुणपणची रेसर सायकल पडून होती. मेहुण्याचा हात तिला कधी लागला नव्हता, एवढी एकच तिची लायकी. तिचं वाकडं हँडल ब्रेकच्या दांड्यांसकट काढून त्याने डोंगरी सायकलला चढवलं. चाकाजवळचे रेसरचे ब्रेक मात्र बसेनात, म्हणून तिथले जुनेच नाइलाजाने ठेवले.

मेहुण्याने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भावजी, रेसरचा दांडा तार कमी ओढतो. या ब्रेकला जास्त ओढ लागते. दांडा हँडलला टेकेल आणि रबर रिमला नुसतं चाटेल."

"आणि बरोबर दांडे तुझ्याकडेच असतील, नाही का?"

"तुमच्याकडेच आहेत की, काल तुम्हीच काढलेले. आणा, फुकट बसवून देतो."

"फुकट," कुलूपवाला माझ्याकडे वळला. "ऐकलंत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या बंद दुकानासमोर वाट पाहत उभा होतो. तो उतारावरून आला. दोन्ही दांडे करकचून दाबलेले, दात आवळलेले, आणि सायकल आपली निवांत पुढे. मी बाजूला झालो. शटरला बाजूला होता आलं नाही. त्याला कुलूपवाल्याने स्वतःच्या हाताने पाच कुलपं घातली होती.

मनगट मोडलं. पडल्या पडल्या त्याने आधी कुलपं निरखली. मग वर रस्त्याकडे बघत म्हणाला, "उतार वाढवलाय कुणीतरी."

महिन्याभराने मनगट जुळलं. सायकल बायकोने भावाला देऊन टाकली. कुलूपवाला आता पायी जातो.