कवळीचं माप न घेता परत पाठवणारे डॉक्टर

मी कवळ्या तयार करतो. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. बघून, बिघडवून, पुन्हा करून शिकलो. जेवताना खटखट वाजणारी कवळी माझ्या हातून बाहेर जात नाही. मगदूम डॉक्टरांची पहिली भेट याच कामामुळे झाली. राजारामपुरीतल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी नमुना घेऊन गेलो. त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "काम देखणं आहे. पण तुमच्याकडे कमीत कमी माणसं पाठवणं, हे माझं काम. चालेल?"

मला थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

नव्या पेशंटनं घरातला वापरता ब्रश आणायचा आणि आरशासमोर दात घासून दाखवायचे, हा डॉक्टरांचा शिरस्ता. पेठ वडगावचे एक व्यापारी कोरा करकरीत ब्रश घेऊन आले.

"पावणं, ह्यो दुकानातला. घरातला कुठाय?"

"ह्योच की!"

"लेबल तरी काढायचं!"

सगळा दवाखाना हसला, व्यापारीही हसले. मग डॉक्टरांनी त्यांचा हात धरून, दात आणि हिरडी जिथं भेटतात तिथं ब्रश कसा हलका फिरवायचा, ते दाखवलं. "कढई घासताय व्हय? हळू."

शिरोळकडच्या आक्काताईंची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मुलाचं लग्न तोंडावर आलेलं आणि दात हलत होते. हिरडी दुखली की त्या भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायच्या. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, म्हणून आणखी लावायच्या. "सगळं काढा, लग्नात कवळी घालून मिरवते," असं त्यांनी ठरवलंच होतं. मला मापासाठी बोलावणं आलं होतं.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या. सुजलेल्या, पू धरलेल्या. मग विचारलं, तहान फार लागते का? पायाला कापड का बांधलंय?

आक्काताईंबरोबर आलेले त्यांचे यजमान उसळले, "दात दुखतोय, आन् तुमी पायाचं काय इचारताय?"

"दोन्ही एकाच अंगाचं हाय की! साखर वाढली की हिरडी भरत न्हाय, आन् हिरडीत पू असला की साखर आवरत न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज माप नको."

रक्त तपासलं. साखर बेसुमार वाढली होती आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता. त्याच दिवशी डॉक्टर स्वतः त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. पायाची जखम आणखी चिघळली असती तर पाय कापावा लागला असता, असं तिथं सांगण्यात आलं. मी त्या दिवशी माप घेतलं असतं तर कवळी उत्तमच झाली असती. पण पायाकडे कुणी पाहिलं नसतं.

पुढे साखर उतरली, हिरड्या साफ झाल्या. काही दात गेले, बरेचसे टिकले. मिश्री सुटता सुटेना, तेव्हा डॉक्टर सकाळी फोन करायचे. "आक्का, आज?" पलीकडून आवाज यायचा, "ठेवा ओ फोन, न्हाय लावली!" अशा शिव्या खाऊन डॉक्टर खूश होत.

लग्नाला आम्ही दोघेही गेलो होतो. आक्काताई दोन्ही पायांवर उभ्या राहून पंगतीत आग्रहानं वाढत होत्या आणि तोंडाला पदर न लावता मोकळ्या हसत होत्या.

डॉक्टर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले, म्हणून आजचा हा सत्कार. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. शंभरीच्या सत्कारालाही मी येईन. पण त्यांच्या तोंडाचं माप घ्यायची वेळ माझ्यावर कधीही न येवो.