कळ काढ

मला मराठी येते, असा आमच्या घरात सगळ्यांचा समज होता. आईबाबा मराठीत विचारायचे, मी इकडच्या, परदेशातल्या टॅला गावच्या शाळेतल्या इंग्रजीत उत्तर द्यायचे आणि गाडी चालायची. पाहुणे आले की आई कौतुकानं म्हणायची, "बोलत नाही, पण येतं हो तिला सगळं." त्या 'सगळं'ची मला धास्ती वाटायची. निम्मे शब्द मी अंदाजपंचे धकवत होते, हे फक्त मलाच ठाऊक होतं.

'कळ' हा त्यातलाच एक. ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरमध्ये मला ऐन वेळी हमखास शू लागायची आणि आई बिलाच्या रांगेतून म्हणायची, "जरा कळ काढ." कळ म्हणजे बाथरूम सापडेपर्यंत दम धरणं, असा अर्थ लावून मी मोकळी झाले होते.

मी दहा वर्षांची असताना आईचे वडील नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले. आई घरून केक करून विकायची. त्या दुपारी ती एक केक पोचवायला ब्लँचर्डस्टाउनला गेली होती, बाबा सँट्रीच्या ऑफिसात होते. मी सोफ्यावर टॅबलेट घेऊन लोळत होते आणि आजोबा खुर्चीत बसून डावा हात चोळत होते. पावणेचार वाजले होते.

"कळ मारून राह्यली गं बाप्पा," ते म्हणाले.

मी मान डोलावली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आता नाही काढवत कळ."

म्हणजे लागली असणार. खालचं टॉयलेट आईनं केकच्या रिकाम्या खोक्यांनी भरून टाकलं होतं. मी मान वर न करता जिन्याकडे बोट दाखवलं. "अपस्टेअर्स, आजोबा. गो ऑन, यू आर ग्रँड." इकडे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'.

त्यांना वाटलं, नात वर जाऊन पडायला सांगतेय. बिचारे उठले आणि कठडा धरून एकेक पायरी चढत गेले. मी पाहिलंही नाही.

बराच वेळ पाण्याचा आवाज येईना, म्हणून बघायला गेले. ते सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. शर्ट घामानं भिजलेला, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मी आईला फोन लावला. ती आजोबांशी दोन वाक्यं बोलली, तिकडूनच तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि घरी यायला निघाली. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. "काही नाही होत, पोरी," असा धीर तेच मला देत होते. मला त्यांच्याबद्दल भीती वाटत होती आणि, सांगायला लाज वाटते, स्वतःबद्दलही तितकीच.

ॲम्ब्युलन्समधून आलेल्या बाईंनी त्यांच्या छातीला तारा लावल्या आणि मला विचारलं, दुखायला कधी लागलं? नीट आठवून सांग, डॉक्टर त्यावरूनच पुढचं ठरवतील. तोवर साडेचार होऊन गेले होते.

"जस्ट नाऊ," मी म्हटलं.

खरी वेळ सांगितली असती तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग इतका वेळ तू काय करत होतीस? बाईंनी माझं उत्तर लिहून घेतलं. आता आजोबांना काही झालं तर ते त्या कागदामुळे होणार, असं मला वाटलं.

आजोबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणत होते, तेवढ्यात आई पोचली. "शाबास, लगेच फोन केलास," म्हणत तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला सोसवेना. बाईंना कळू नये म्हणून मी मराठीत बोलले. "पावणेचारपासून. आजोबा कळ म्हणाले. मला वाटलं शू. मीच वर पाठवलं."

आईनं वळून बाईंना खरी वेळ सांगितली आणि बाईंनी आधीची खोडली.

आजोबा वाचले. स्टेंट घालून, पुरते बरे होऊन नागपूरला परत गेले. मला कुणी रागावलं नाही. आई चांगली ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिनं मला समोर बसवलं आणि आजोबांना काय झालंय ते इंग्रजीत सांगितलं. गिऱ्हाइकांशी बोलते तशा सावकाश, जपून जुळवलेल्या इंग्रजीत.

तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मी मराठी नव्यानं शिकले, तिच्याशी हट्टानं मराठीतच बोलते, हे असं पानभर लिहूही शकते. गेल्या महिन्यात तिचे स्वतःचे रिपोर्ट आले, तेव्हा तिचा फोन आला.

"आय हॅव सम न्यूज," ती म्हणाली.

"आई, मराठीत सांग ना."

"नको गं," ती म्हणाली. "नीट समजायला हवं तुला." आणि इंग्रजीत सांगू लागली.