बटणांच्या डब्याचा पत्रा

त्याचं खरं नाव त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण! सगळे त्याला भागवूच म्हणायचे. हँडलला आरसा बसत नाही? "भागवू." दिव्याची पकड मोठी आणि हँडल बारीक? "भागवू." हँडल करणारे एका मापाने करतात आणि पकडी करणारे दुसऱ्याच, जणू दोघांचं सात जन्मांचं वैर. मधली फट भरायला जी पट्टी घालतात तिला पॅकिंग म्हणतात, आणि पॅकिंग कापण्यात भागवूचा हात धरणारा कोणी नव्हता. जुनी ट्यूब, तेलाच्या डब्याचा पत्रा, चपलेचा पट्टा, त्याला काहीही चालायचं. नियम मात्र एकच, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा: घंटीला रबर, ब्रेकला पत्रा. रबर दबतं, तेल लागलं की सरकतं. घंटी फिरली तर फिरली, ब्रेकची लिव्हर फिरली तर माणूस हातचा जातो.

हा नियम त्याने जन्मात एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या सायकलवर.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. लग्न केलं नाही, शिवणयंत्रावर दोघांची पोटं भरली. पन्नाशी उलटली तरी शिवलेले कपडे हँडलच्या टोपलीत घालून घरोघरी पोचवायची. सायकलचा मागचा ब्रेक कधीच निकामी झालेला, पुढच्यावर तिचं भागत होतं. त्या पुढच्याची लिव्हर तुटली तेव्हा भागवूने दुसरी आणली, तर तिचं तोंड हँडलपेक्षा मोठं निघालं. ताईने बटणांचा जुना निळा डबा आणून दिला, याचा पत्रा काप म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालायला दुकानामागच्या घरात गेली. पत्रा कापायची कात्री नेमकी शेजारच्या कुलूपवाल्याने नेलेली. आता ती मागायला कोण जातो! त्याने ट्यूबचा तुकडा घातला, नट आवळला आणि मनाशी म्हणाला, चार दिवस भागेल. ताई बाहेर आली तेव्हा, झालं, ने, एवढंच तिला सांगितलं.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. तो सरळ विसरून गेला.

टाकीजवळच्या उतारावर हातगाडी आडवी आली आणि ताई थेट भिंतीवर गेली. उजव्या मनगटाचा चुरा झाला. हाड जुळलं, पण तीन बोटं मिटेनात. या हाताने कात्री धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ताईने त्यांना दोष दिला नाही, हातगाडीवाल्यालाही दिला नाही. "मीच घाबरले रे," ती म्हणाली. "ब्रेक दाबलाच नसणार मी. लिव्हर बोटांना लागल्याचं आठवतच नाही."

लागणार कुठून? लिव्हरच फिरून खाली गेली होती. अपघात झाला त्याच संध्याकाळी त्याने सायकल दुकानात आणून पकड सोडली. रबर तेलकट होऊन एका अंगाला बाहेर आलं होतं. त्याने दार लोटलं. निळ्या डब्याचा पत्रा मापात कापला, कडा दुमडल्या, हँडलवर गुंडाळून लिव्हर पक्की बसवली आणि रबराचा तुकडा गटारात टाकला. घाबरला होता तो. जगात एकच माणूस त्याला आपलं म्हणत होतं, तेही जाईल म्हणून घाबरला.

शिवणयंत्रावर चादर पडली. स्वयंपाक तो करू लागला, ताईची वेणीही घालू लागला. आणि ताई, जो भेटायला येईल त्याला सांगायची की हातात ब्रेक असून मी दाबला नाही, माझ्यासारखी मूर्ख मीच. रोज तेच. सहा महिने त्याने ऐकलं. मग एका सकाळी वेणी घालताना त्याचे हात थांबले.

"ताई, तू घाबरली नव्हतीस. मी रबर घातलं होतं. लिव्हर फिरली."

ती उठली, पाना घ्यायला सांगितला आणि त्याला बोळातल्या सायकलपाशी घेऊन गेली. त्याने नट सोडला. पकड सरकली आणि खालून निळा रंग दिसला. ताईने डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं.

"हा तर माझ्याच डब्याचा पत्रा."

तो मी नंतर घातला, त्याने सांगितलं. रबर कसं निघालं ते सांगितलं, गटारापर्यंत सगळं सांगितलं. तिची शपथ घेतली, तेव्हा मात्र ती चिडली.

"खोट्या शपथा घेऊ नकोस. लहानपणीही बरणी माझ्या हातून फुटायची आणि 'मी फोडली' म्हणत तू पुढे यायचास." तिचे डोळे भरून आले होते. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, कळतं मला. पण पत्रा खोटं बोलतो का रे?"

तेवढ्यात समोरची शेजारीण दारात आली, आणि ताई तिला कौतुकाने सांगू लागली की चूक माझी, पण भाऊ बघा, स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालाय.

भागवूने लिव्हर जागेवर आणली आणि नट आवळला. हलवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.