दमणीतली विहीण

हरायला रांग लावणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. सारंगखेड्याच्या यात्रेत ती दरवर्षी उभी असत. अलीकडे घोड्यांचा बाजार, पलीकडे जिलेबीच्या कढया आणि मधोमध दोधू सुताराचा खेळ. अक्कलकुव्याहून लोक यायचे, खांडबाऱ्याचे रेल्वेने नंदुरबारला उतरून यायचे आणि हरून, डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत परत जायचे. सगळे म्हणायचे, दोधूचा खेळ. साफ खोटं. लाकूड दोधूचं, खेळ त्याच्या बायकोचा, जसोदाबाईचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मधे तोंड घालायला नको.

जसोदाबाई कोपर्लीची सून. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की वाड्यावर बोलली तर विहिरीवरच्या बाया ओ द्यायच्या. दोधू फार कमी बोले, कारण बायकोने बोलून झाल्यावर सांगण्यासारखं काही उरतच नसे. गावात कोणाकडेही लग्न असो, सुताराचं की पाटलाचं, वरपक्षाला चिडवणारी गाणी म्हणायला तिला बोलावणं ठरलेलं. आमच्याकडे ही रीतच आहे. वरात आली की नवरीकडच्या बाया व्याही-विहिणीची गाण्यातून यथेच्छ थट्टा करतात, आणि ज्याची थट्टा होते त्याने मिशीतल्या मिशीत हसायचं असतं. जसोदाबाई गाणं पाठ करून म्हणत नसे. समोर माणूस दिसला की गाणं तिथल्या तिथे तयार.

तेच नडलं. गावातल्या रूपचंद पाटलाच्या मुलीचं लग्न होतं, वरात तापीपलीकडून सारंगखेड्याची. भर उन्हाळा, नदीचं पात्र कोरडं. मुलाचे वडील चुनीलाल पाटील, तालेवार गुजर शेतकरी, स्वतः दमणी हाकत निघाले. दमणी म्हणजे छत घातलेली, सोयऱ्या-धायऱ्यांना बसायची हलकी बैलगाडी. ती भर वाळूत रुतली ती रुतलीच. व्याही धोतर वर खोचून, जोडे हातात घेऊन चालत मांडवात आले. आता हे दृश्य जसोदाबाई सोडणार होय? पंगत बसली आणि तिने सूर लावला. व्याह्याला बैल कळत नाहीत, वाळू कळत नाही, कासरा कुठून धरायचा तेही कळत नाही. सगळा मांडव हसून लोळला. वरातीतली माणसंसुद्धा तोंडात पदर आणि उपरणं कोंबून हसली. फक्त चुनीलाल पाटील हसले नाहीत. ते ताटावरून उठले.

व्याही ताटावरून उठणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी झालं त्यालाच विचारावं. हातापाया पडून त्यांना परत बसवलं, लग्न लागलं, मुलगी सासरी नांदलीही. पण त्या दिवसापासून जसोदाबाईला कोपर्लीत एकाही लग्नाचं गाण्याचं बोलावणं आलं नाही. शेजारच्या मांडवात बाया गात असत आणि ही आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसे. एकदा धनुबाई नावाची शेजारीण म्हणाली, सोड गं, गाणंच तर होतं. जसोदाबाईने तिला काही उत्तर दिलं नाही, आणि तिने उत्तर न देणं हीच गावात मोठी बातमी झाली.

मग आला दोधूचा खेळ. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजत होत्या, ते दिवस. दोधूने एक उतरतं टेबल केलं, त्याच्या दोन टोकांना लाटण्यासारखे दोन रूळ आणि त्यांवर गुंडाळलेला मांजरपाटाचा लांब पट्टा. पट्ट्यावर त्याने काव आणि निळीने रस्ता रंगवला होता. धडगावहून निघायचं, घाटाची वळणं उतरायची, तळोदा मागे टाकायचा, तापीची वाळू ओलांडायची आणि नंदुरबारच्या स्टेशनावर पोचायचं. दोधू दांडा फिरवी, तसा रस्ता सरकत येई. रस्त्यावर एक लाकडी दमणी, तिला लाकडी बैल, आणि बैलांचा कासरा खेळणाऱ्याच्या हातात. उजवा ओढला की दमणी उजवीकडे. रस्त्यात जिथे खड्डा रंगवला, तिथे कापडाखाली दोरीची जाड गाठ शिवलेली. चाक गाठीवर चढलं की दमणी कलंडे, घंटी वाजे, खेळ संपे. सारा गाव त्याला वेडा म्हणत होता. नांगर करायचे सोडून म्हातारपणी भातुकली मांडली म्हणाले. दोधूने वर्षभर ऐकून घेतलं आणि यात्रेत खेळ मांडला.

पहिल्या दिवशी गर्दी झाली, पण ती भलतीच गर्दी. आमच्या माणसाच्या हातात कासरा दिला की तो निम्मी गाडी हाकतो आणि निम्मी बैलांवर सोडतो. खरा बैल खड्डा पाहून आपणहून बाजूला होतो, आपण फक्त कासरा हलवायचा. दोधूच्या बैलांना डोळे होते ते रंगवलेले. जन्मभर गाड्या हाकलेली माणसं कासरा हलवून निवांत उभी राहत आणि दमणी सरळ खड्ड्यात जाई. नवशिका जरा तरी टिके, तरबेज गडी पहिल्याच वळणाला आडवा. बरं, हरायचं तरी कुठे? भावकी, सोयरे, घोडे बघायला आलेले दहा गावचे लोक, सगळ्यांसमोर. शर्यतीत गाड्या पळवणारा मगन नावाचा एक पोऱ्या घंटी वाजताच लालबुंद झाला. तुन्हं गाडंच वाकडं शे, म्हणाला आणि त्याने टेबलाला लाथ घातली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मगनने त्याची गचांडी धरली, मग त्याच्या गावच्यांनी मगनची. दोधू आपल्या रुळांना मिठी मारून मधे उभा होता.

भांडण सोडवायला यात्रेचे पंच आले. कोण? चुनीलाल पाटील. दुसरं कोण असणार, आपलं नशीबच तसं. त्यांनी रस्त्यावर रंगवलेली वाळू पाहिली, वाळूत कलंडलेली दमणी पाहिली, दोधूकडे पाहिलं आणि मग त्याच्या मागे पदर ओढून उभ्या असलेल्या बाईला ओळखलं. आवाज न चढवता म्हणाले, "सकायना दिवस देखस. परत भांडन व्हयनं ते हाई सम्दं उचला आनि घरना रस्ता धरा."

म्हणजे उद्याचा एक दिवस. दोधूला वाटलं, संपलं. तो बायकोला म्हणाला, "तू उद्या तोंड उघडू नको. तुला ओळखलंय त्यांनी." एवढं लांब वाक्य तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. जसोदाबाईच्या काळजात ते टोचलं, कारण त्यात चूक काही नव्हतं. नवऱ्याचं वर्षाचं काम तिच्या एका गाण्यापायी बुडणार होतं. खेळ उचलून गावात परतायचं म्हणजे पुन्हा तो नांगरच करणार, आणि मान खाली घालून करणार.

पण तिला दुसरंच काही सुचत होतं. दिवसभर तिने हरणाऱ्यांची तोंडं पाहिली होती. मगनचं ते लाल तोंड तिने आधीही पाहिलं होतं, मांडवात, पंगतीत. तिच्या गाण्यात सगळा मांडव हसणारा होता आणि वाळूत पडलेला माणूस एकटाच. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. पडणाऱ्याला एकटं पाडलं की थट्टेचा दगड होतो. त्याच्याबरोबर कोणीतरी पडायला हवं, आणि ते त्याच्याहून जास्त फजीत व्हायला हवं. हे कळलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लगेच हसूही आलं. बाईचा स्वभावच तसा, त्याला काय करणार.

सकाळी तिने चिंध्यांची बाहुली केली. जाडजूड विहीण, लाल लुगडं, नाकापेक्षा मोठी नथ. ती दमणीत बसवून दोऱ्याने अशी बांधली की दमणी कलंडली की विहीणबाई तोंडघशी बाहेर आली पाहिजे. टेबलामागे तिने जुन्या लुगड्याचा पडदा बांधला आणि त्याच्या आड जाऊन बसली. विहीणबाईला सुरतेच्या लग्नाला जायचंय, नंदुरबारला आगगाडी गाठायचीय, असं तिने ठरवून टाकलं. दोधू कपाळाला हात लावून बघत राहिला.

पहिला गडी आला इसहाक, खांडबाऱ्याकडचा शेतकरी, तट्टू घ्यायला आलेला. धीराचा माणूस. घाटाच्या दुसऱ्या वळणाला गेला खड्ड्यात. दमणी कलंडली, विहीणबाई लुगड्यासकट बाहेर. इसहाकचा चेहरा पडू लागला, तोच पडद्याआडून कण्हण्याचा आवाज आला.

"मी सांगेल व्हतं, पायी चालूत. मन्हं वजन बैलसले झेपस का?"

इसहाकने आजूबाजूला पाहिलं. पडदा पुढे म्हणाला, "भाऊ, तुन्हा दोष नही. सकायमा मी दोन भाकरी जास्त खाद्यात."

इसहाक आधी गालात हसला, मग टेबलाला धरून हसला, मग त्याने कासरा पुन्हा मागितला. दुसऱ्यांदा विहीणबाई म्हणाली की नथ खड्ड्यात राहिली, आता ती शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिसऱ्यांदा तिने बैलांना सासर-माहेर विचारलं आणि ते सासरकडचे निघाले म्हणून तिथेच रुसून बसली. माणसं गोळा झाली. ज्याची दमणी पडे त्याच्याकडे कोणी बघेचना, सगळे विहिणीकडे बघत. हरणाऱ्याला वाटे, आपण हरलो नाही, आपण या बाईला पाडलं. आणि अशा तोंडाळ बाईला एकदा तरी पाडावं असं कोणाला वाटत नाही? मगनसुद्धा आला, कान पाडून, आणि दुपारपर्यंत हटला नाही. काही बहाद्दर तर विहीण काय बोलते ते ऐकायला मुद्दाम खड्ड्यात घालू लागले.

गलका घोड्यांच्या बाजारापर्यंत गेला. पुन्हा मारामारी, असं समजून चुनीलाल पाटील काठी घेऊन आले. लोक बाजूला झाले. हसू एकदम विझलं. पडद्याआडचा आवाज त्यांनी दुरूनच ऐकला होता, आणि तो त्यांना झोपेतही ओळखू आला असता. दोधूने दांडा फिरवायचा थांबवला. जसोदाबाईने फटीतून त्यांचे जोडे पाहिले आणि ती आणखी आत सरकली.

चुनीलाल पाटलांनी काठी मगनच्या हातात दिली आणि कासरा उचलला. "फिरव," एवढंच म्हणाले.

आणि काय हाकली म्हणता. घाटाची सगळी वळणं त्यांनी अलगद उतरवली. तळोद्यात रंगवलेल्या म्हशीला वळसा घातला. मग आली तापीची वाळू. समोर स्टेशन दिसत होतं. पाटलांनी सवयीने कासरा सैल सोडला, बैल आपली वाट काढतील म्हणून. चाक गाठीवर चढलं, दमणी कलंडली, विहीणबाई वाळूत पालथी पडली आणि घंटी वाजली.

कोणी हसलं नाही. हसायची छाती कोणाची होती? पाटलांचे कान तांबडे होऊ लागले. दोधूने डोळे मिटले. पडद्याआड जसोदाबाईला ते दोन वर्षांपूर्वीचं गाणं अक्षरन् अक्षर आठवत होतं, जिभेच्या टोकावर उभं होतं. गप्प बसावं तर माणूस पुन्हा एकटा पडतो.

"व्याही," विहीणबाई हळूच म्हणाली, "तुमी बठा. जोडा काढू नका, वाळू तपेल शे. बैल थकनात ते ऱ्हावू द्या, माले जुपा. मी ओढस गाडं."

लुगड्यात गुंडाळलेली, नथीखाली दबलेली ती चिंध्यांची बाई वाळूत पालथी पडून स्वतःला गाडीला जुंपायला सांगत होती. पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. मिशी जराशी हलली. पोट हललं. मग ते असे हसले की फेटा सुटून खांद्यावर आला. लोकांनी त्यांना कधी हसताना पाहिलंच नव्हतं, ते आधी घाबरले आणि मग सगळी यात्रा त्यांच्याबरोबर हसली.

डोळे पुसत पाटील पडद्याला म्हणाले, "नको व बाई. तुमले जुपं ते गाडं टेसनवर थांबाव नही, थेट सुरतले भिडी."

हा टोला होता. अस्सल, मांडवातल्या व्याह्याने परत करावा तसा. दोन वर्षं अडकून पडलेलं उत्तर होतं ते, आणि ते ऐकून पडद्याआड जसोदाबाईच्या डोळ्यांत खळकन पाणी आलं. आता पुढच्या लग्नात तिला कोण अडवणार होतं?

पाटलांनी काठी परत घेतली आणि तिच्या टोकाने पडदा बाजूला सारला. "आवाजले तोंड पाहिजे," ते लोकांना म्हणाले, "लपानं काय काम?" तिथेच त्यांनी दोधूला सांगितलं की खेळ यात्रा उठेपर्यंत राहील आणि पुढच्या साली घोड्यांच्या बाजाराच्या तोंडाशी लागेल.

जसोदाबाई उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती दोन वर्षांत पहिल्यांदाच ताठ उभी होती. दोधूने दांडा धरला. पुढचा गडी कासरा घेऊन घाबरत उभा होता, आणि तिने त्याला हरायच्या आधीच हसवलं.